शिलाईच्या सुधारित अटी

ती. भाऊजींना शिंपी मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताई म्हणत होती, जिना चढताना अजून कुरकुरतो. (आमच्या दुकानाकडे यायचं म्हटलं की जास्तच कुरकुरतो, हे आमच्या लक्षात आलं आहे.) इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत होत्या, तुमच्या बँकेचं पत्र येईपर्यंत. 'आपल्या सोयीसाठी क्रेडिट कार्डाच्या अटींत बदल' असं वर ठळक छापलं होतं. त्यात माझी सोय कुठे आहे ते सापडेना, म्हणून पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मग बायकोने वाचलं आणि एवढंच म्हणाली, "यांना कापड कमी पडलेलं दिसतंय, सगळे जोड आतल्या बाजूला दडवलेत."

कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉकचं मशीन कार्डावर घ्या, हा सल्ला तुमचा. 'बिनव्याजी मुदत आहे, फुकटचे पैसे वापरा' हे शब्दही तुमचेच, आमच्या घरी जेवता जेवता काढलेले. आता कळतं की ती मुदत आटली, भरायची तारीख आठवडाभर अलीकडे सरकली, आणि 'किमान देय रक्कम' भरून माणूस सुटत नाही, नुसता बांधलेला राहतो. मी तर किमानच्या भानगडीत पडलोच नाही. सगळे पैसे भरले. फक्त वरची चिल्लर, दोन रिळांच्या किमतीची, पुढच्या महिन्यात टाकू म्हणून मागे ठेवली. तर व्याज लागलं ते चिल्लरीवर नाही, अख्ख्या मशीनवर, तेही घेतल्या दिवसापासून! मी भरायची तारीख जुनीच धरली म्हणून वर दंड, आणि दंडावर कर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच.

तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केलीत, दर ओळीला "सोपं आहे हो" म्हणालात, आणि शेवटी हळूच स्वतःचं कार्ड काढून बघितलंत. मी पाहिलं. पण बहिणीच्या नवऱ्याला काय बोलणार, मूग गिळून बसलो.

आता बसणार नाही. भाऊजी, व्याजाचे म्हणून मागताय ते पैसे म्हणजे पोरीच्या नर्सिंगच्या फीचा पहिला हप्ता आहे. पाठीचा काटा ढिला करून जमवलाय तो, कुणाच्या घशात घालायला नाही. व्याजाचा एक पैसा देणार नाही! वसुलीवाले पाठवायचे तर खुशाल पाठवा, त्यांची मापं घेऊन परत पाठवतो.

शिवाय मीही अटी बदलल्या आहेत. दुकानाबाहेर पाटीच लावली आहे. ग्राहकांच्या सोयीसाठी यापुढे 'किमान शिलाई' मिळेल, म्हणजे दोन पाय आणि कंबर. चेन आणि खिसे 'इतर आकारां'त. शिलाईतले दोन पैसे जरी बाकी राहिले तरी पहिल्या टाक्यापासून सगळं उसवायचा हक्क दुकानाकडे. पाटी वाचून शेजारचे चष्मेवाले याचा अर्थ विचारायला आले. मी म्हटलं, "सोपं आहे हो." ते शर्टाचं कापड काखेत मारून निघून गेले. (धंदा बसला तरी चालेल, तत्त्व उभं राहिलं पाहिजे.)

ताईला नमस्कार, भाच्यांना पापा.

आपला मेहुणा,
जो दिवसभर मशीनवर वाकतो, एरवी कुणापुढेही नाही

ता.क. हे पत्र तुमच्या नव्या पँटच्या उजव्या खिशात ठेवून पँट ताईकडे देत आहे. तुम्ही रुमाल शोधाल तेव्हा ते हाताला लागेल, आणि बहुतेक तेव्हा तुम्ही मंचावर असाल. 'ग्राहकांना सोप्या भाषेत समजावणारा अधिकारी' म्हणून बँकेचे वरचे साहेब तुमचा सत्कार करणार आहेत ना? मनापासून अभिनंदन. मात्र शिलाईचे थोडे पैसे तुम्ही बाकी ठेवलेत. त्यामुळे सुधारित अटींनुसार बुडाची शिवण कच्च्या टाक्यावर आहे.

आणखी ता.क. दंड आणि व्याज माफ करून घ्यायचा अर्ज तुम्हीच लिहून द्या, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चिल्लर मी आजच भरतो आहे. अर्जाचा शब्द दिलात की ताई सुईदोरा काढेल. ती पहिल्याच रांगेत आहे, आणि ही सगळी कल्पना तिचीच. तोवर कुणी कितीही आग्रह केला तरी खुर्चीवर टेकू नका. उभे आहात तोवर बिनव्याजी मुदत समजा.