दोन थ्रेड आणि गीत क्रमांक एकशे बेचाळीस

३ नोव्हेंबर, सोमवार
येत्या रविवारी हार्वेस्टची, म्हणजे सुगीच्या सणाची उपासना. सगळी मंडळी येणार. त्या दिवशी चर्चमधला गीत क्रमांकांचा लाकडी बोर्ड रिटायर होईल आणि माझा पायथन प्रोग्रॅम टीव्हीवर आकडे दाखवेल. बोर्डाच्या खाचांत आकड्यांच्या पाट्या सरकवायचं काम तीस वर्षं योसेफकाका करताहेत. त्यांची मुलगी एंजेला हार्मोनियम वाजवते. उपासना झाली की मी काकांकडे तिला मागणी घालणार. भिंगारमधल्या कॉम्प्युटर क्लासचा नोहा सर म्हणून नव्हे, काहीतरी करून दाखवलेला माणूस म्हणून.

रचना: प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे दोन थ्रेड. एक थ्रेड आकडा पाठवणार, दुसरा तो घेऊन टीव्हीवर दाखवणार, मध्ये दोघांना जोडणारं सॉकेट. तीन आकड्यांसाठी एवढं कशाला, असं एंजेलानं विचारलं. पुढे स्केल करता येतं, म्हणालो. चर्चमध्ये बाकं बावीस आहेत.

४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी १
प्रोग्रॅम सुरू होतो आणि गप्प बसतो. एरर नाही. म्हणजे मुळात बरोबर आहे.

सायंकाळी ६
घेणारा पाठवणाऱ्याची वाट बघत होता. पाठवणाऱ्याला सुरू करायची कोडची ओळ मी घेणाऱ्याच्या खाली लिहिली होती, त्यामुळे तिथपर्यंत गाडी पोचतच नव्हती. किरकोळ. मोठ्या कंपन्यांतही होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
दोघं जोडले गेले. पाठवणारा म्हणतो, पाठवलं. टीव्ही काळा. दोष केबलचा. नगरला जाऊन नवी आणली. केबलचा दोष नव्हता. अँटीव्हायरस काढून टाकला. त्याचाही नव्हता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
एंजेलाला कोड समजावला: घेणारा अख्खी ओळ आली की मगच दाखवतो. ओळ संपली हे त्याला कुठून कळतं, असं तिनं विचारलं. हार्मोनियमवर ती प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबते, म्हणून मंडळीला कळतं म्हणे. गोड आहे. पण हा टेक्निकल विषय आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
चर्चमध्ये टेस्टिंग. चार तास मनात येईल ते टाइप करून पाठवलं. टीव्हीवर अक्षर नाही. योसेफकाका शेजारी बसून पाट्या पुसत होते. पाट्यांना करंट लागत न्हाई, हे दोनदा ऐकवलं. रागाच्या भरात आणखी थोडं टाइप केलं.

प्रोग्रॅम बंद केलेला नाही. उद्यापर्यंत चालू राहिला की सेट होईल.

९ नोव्हेंबर, रविवार
थोडक्यात लिहितो. पाळकसाहेबांनी गीत क्रमांक टीव्हीवर बघा असं जाहीर केलं. मी १४२ पाठवलं. टीव्ही काळा. मंडळी उभी. पुन्हा पाठवलं. पुन्हा. शेवटी घाम पुसत पाठवणारा बंदच केला. कनेक्शन तुटल्याबरोबर घेणाऱ्यानं कालपासून साठवलेलं सगळं एका दमात दाखवलं, वीतभर अक्षरांत:

हॅलोहॅलोचाल रे बाबायोसेफकाका पाट्या बंबात घालाउपदेश लई लांबतोएंजेला हो म्हणएंजेला प्लीज१४२१४२१४२

तसं बघितलं तर १४२ पोचलं.

योसेफकाका उठले आणि बोर्डावर पाट्या लावल्या. एंजेलानं मान वर न करता सूर धरला. नंतर भोपळ्यांच्या लिलावात माझ्याशी कुणी बोललं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० नोव्हेंबर, सोमवार
ओळ संपल्याची खूण पाठवत नव्हतो. एक अक्षर. ते घातलं, चालू झालं. मी स्वतः शोधून काढलं. एंजेला शुक्रवारी बोलली होती, पण ते हार्मोनियमबद्दल.

१२ नोव्हेंबर, बुधवार
योसेफकाका घरी आले. मागणीचा विषय काढायची गरजच पडली नाही, त्यांनी तो टीव्हीवर वाचला होता. पोरीला इचारलं हाय, म्हणाले. ती म्हनती, आधी त्याला बोर्डावर बसवा. चार रविवार पाट्या चुकल्या न्हाईत तर फुडचं बोलू.

म्हणजे होकारच. पाट्या मिशनच्या काळातल्या, आकडे इंग्रजी. सहा आणि नऊला एकच पाटी, उलटी केली की नऊ; सहा लावताना पाटीवरची रेघ खाली ठेवायची. हे काकांनी तीनदा सांगितलं. मला! जो माणूस सॉकेट चालवतो त्याला!

१६ नोव्हेंबर, रविवार
आज दयामावशींच्या नातवाचा बाप्तिस्मा. गीत होतं १६६. दोन्ही पाट्यांची रेघ वर राहिली.

१९९ हे अंत्यविधीचं गीत आहे. कडवी सहा. एंजेलानं सहाही वाजवली, प्रत्येक ओळीच्या शेवटी माझ्याकडे बघून थांबत.