चौकीपलीकडची न्यूरी

डंडॉक, ३ मे

तीर्थरूप बाबांस,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

आयरिश नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाल्याचं कळवलं, तेव्हापासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. आलेलं पत्र न वाचता फाडणं तुमच्या शिस्तीत बसत नाही, हे मला ठाऊक आहे.

काल मी, हृषीकेश आणि रेवा डोंगरावर गेलो. वर शंभर वर्षांपूर्वीची सिमेंटची चौकी आहे. आयर्लंडचे दोन भाग होऊन उत्तरेकडचा ब्रिटनकडे राहिला, तेव्हाची. जेमतेम चौघांपुरती, हातभर जाड भिंती, बंदुकांसाठी दोन जंग्या. आता आत मेंढ्या बसतात. तुमच्या पलटणीनंच बांधली असं वाटलं.

तिथे दशम्या खाताना मेंढ्यांच्या मालकानं सांगितलं, की आम्ही आलो ती वाट अर्धा मैल ब्रिटिश हद्दीतून येते. ना तार, ना पाटी! भारतीय पासपोर्टवर तिकडे जायला वेगळा व्हिसा लागतो, मी तर दशमी तशीच गुंडाळून उठले. सगळं ‘ग्रँड’, म्हणजे झकास आहे, कोण बघतंय, असं म्हणून तो हसला. रेवा जन्मानं आयरिश, तीही खो खो हसली.

रागवा, पण बोला.
तुमची
योगिनी

सातारा, १९ मे

चि. सौ. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

चौकीचं दार कुठल्या बाजूला, ते लिहिलं नाहीस. दार नेहमी आपल्या मुलखाकडे ठेवतात. सुभेदाराची मुलगी असून एवढंही पाहिलं नाहीस, वर विनापरवाना हद्द ओलांडलीस, आणि सांगतेस कुणाला!

ज्या देशासाठी मी सोळा हिवाळे बर्फात काढले, त्याचा पासपोर्ट तू परत करणार, हे मला पचत नाही. राहण्याचं कार्ड आहे ना? त्यावर भागत नाही का? पटेल असं एक तरी कारण लिही.

गुडघा बरा आहे. रेवाला पापा.
बाबा

डंडॉक, २ जून

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दार दक्षिणेला, आमच्याच बाजूला आहे.

आता कारण. फेब्रुवारीत रेवाच्या शाळेची सहल सीमेपलीकडे न्यूरीला गेली होती. तिथे पडून तिचा हात मोडला, तिथल्याच दवाखान्यात नेलं. तुमचे जावई कामासाठी लांब गॉलवेला. न्यूरी इथून वीस मिनिटांवर. वाटेत कुणी अडवत नाही, जा, असं सगळे म्हणाले. मी सीमेअलीकडच्या पेट्रोल पंपावर चार तास उभी राहिले. नियम म्हणजे नियम, हे तुम्ही शिकवलंत. शेवटी शिक्षिका तिला घेऊन आली. आई का आली नाही, असं रेवा अजून विचारते. आयरिश पासपोर्ट असता तर मी अशी अडकले नसते.

तुमच्या होकाराशिवाय मी ७ जुलैची नागरिकत्वाची शपथ घेणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.
योगिनी

सातारा, १७ जून

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू जायला हवं होतंस.

एका हिवाळ्यात सरहद्दीपलीकडच्या गावची बाई हरवलेल्या लेकराला हाका मारत आमच्या चौकीपर्यंत आली होती. अडवायचा हुकूम होता. मी पाठ फिरवून चहा ठेवला, आणि ती पोराला घेऊन परतेपर्यंत वळलो नाही. घरी हे कधी सांगितलं नाही, नुसते नियम सांगितले. चूक माझी आहे, पोरी. फार वाईट वाटलं.

शपथ घे. तेव्हा पोचणं जमणार नाही, गणपतीत येतो. व्हिसाचा फॉर्म आधी पेन्सिलीनं भरून पाहिला. मुलीच्या नागरिकत्वाच्या रकान्यापाशी दोन दिवस थांबलो होतो. आज तिथे शाईनं ‘आयरिश’ लिहिलं.

तुझाच,
बाबा