सेजकोंबड्यांच्या मैदानाचा वारस

मी, पास्कालीन इरिबार्ने, कै. आर्नो इरिबार्ने यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा मेंढपाळी, राहणार लोन विलो खोरे, उत्तर नेवाडा, या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही, हे मागच्या वर्षी कळले. पण मृत्युपत्राला डोके पुरते, असे माझी वकील लवर्न टिब्बेट्स हिने सांगितले आहे. कोणी मला धाकदपटशा दाखवलेला नाही. कोणाची हिंमत असेल तर त्याने दाखवून बघावे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी चुलीत घातले आहे.

कलम १. मला आर्नोशेजारी पुरावे. पेटी साधी असावी. नंतरच्या जेवणात मटण, चोरिझोचे तिखट सॉसेज आणि भरपूर लाल वाइन असावी, आणि पाद्रीबाबांनी भाषण आवरते घ्यावे, कारण मटण गार झाले की खाववत नाही. मी मार्च ते मे या दिवसांत मेले, तर अंत्यविधी सकाळी ठेवू नये. वसंतात सकाळी माझ्या माणसांना दुसरे काम असते.

कलम २. राहते घर, त्यातील सामान, बँकेतील शिल्लक आणि मेंढ्या विकून येणारी रक्कम माझा एकुलता एक मुलगा बेन्यात याला द्यावी. तो रीनोला घरांची दलाली करतो, तेव्हा घराची किंमत त्याला कोणी शिकवायला नको. बेन्यात, तुझ्यावर माझी माया आहे आणि रागही आहे. रागाचे कारण कलम ६ मध्ये येईल. आधी तिकडे उडी मारू नकोस, क्रमाने वाच.

कलम ३. पाव भाजायची बिडाची मोठी हंडी माझी नणंद ग्राशी हिला द्यावी. हंडीचे झाकण ती माझ्या लग्नाच्या वर्षी 'दोन दिवसांसाठी' म्हणून घेऊन गेली आणि आजतागायत तिच्याच घरी आहे. झाकणावाचून मी उभा जन्म पत्र्याच्या तुकड्यावर निखारे ठेवून पाव भाजले, आणि तिच्यापेक्षा चांगले भाजले. आता दोन्ही तिच्याकडे होतील. एकच सांगणे आहे, पावाचा पहिला तुकडा कुत्र्याला द्यायचा असतो. ती तो नवऱ्याला देते.

कलम ४. माझी घडीची खुर्ची रस्ते खात्यातील त्या साहेबांना द्यावी, ज्यांनी खाणीचा रस्ता सेजकोंबडे दर वसंतात नाचतात त्या आमच्या मैदानावरून नेला आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी पीत, मला सांगितले, "बाई, पक्षीच ते. शोधतील दुसरी जागा." साहेबांनी एप्रिलमध्ये पहाटे या खुर्चीवर बसावे आणि पक्षी दुसरी जागा कधी शोधतात ते पाहावे. थंडी फार असते, घोंगडी स्वतःची आणावी.

कलम ५. तिकाटण्यावरची दुर्बीण वन्यजीव खात्याकडून मोजणीला जी कोणी मुलगी येईल तिला द्यावी. मोजायची रीत तिला ठाऊक असेल, तरी लिहून ठेवते. उजाडायच्या आधी जागेवर पोहोचायचे, गाडीतच बसायचे. नर मोजायचे, कारण ते छाती फुगवून उघड्यावर नाचतात. माद्या बाजारात आल्यासारख्या त्यांच्यामधून हिंडतात आणि झुडपात शिरतात, त्यांचा नेम नसतो. डावीकडून मोजायचे, मग उजवीकडून, मग पुन्हा एकदा, आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. आणि पक्षी स्वतःहून उठेपर्यंत माणसाने दार उघडायचे नाही. लघवीला आधी जाऊन यावे.

कलम ६. आता मैदान. खाणीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची, सेज नावाच्या करड्या रानझुडपांमधली उघडी, सपाट जमीन, जी आर्नोच्या वडिलांनी घेतली, ती माझ्या एकटीच्या नावे आहे. खाणवाल्यांचा तिच्यावर डोळा आहे. त्यांना रस्ता दुपदरी करायचा आहे. आजचा रस्ता एवढा अरुंद आहे की एक गाडी आडवी लावली की मागे सगळी रांग उभी राहते. दुपदरी झाला की कोणाच्या बापाला ट्रक अडवता यायचे नाहीत, आणि एका वसंतात मैदान संपेल. सेजकोंबडा, म्हणजे या झुडपांतला रानकोंबडा, जिथे त्याचा बाप नाचला तिथेच नाचतो. आम्ही डांबर टाकले, तर तो डांबरावर नाचला.

रस्ता झाला त्या पहिल्या वसंतात मी रस्त्यावर चिरडलेले नर गोळा केले. रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी हिरवी पिकअप रस्त्यात आडवी लावली आणि चावी खिशात टाकली. त्या दिवसापासून दर वसंतात लावत आले. दंड झाले, ते भरले. पावत्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहेत, ज्याला हव्यात त्याने न्याव्यात.

त्या पहिल्या पहाटे रांगेतल्या पुढच्या ट्रकमधून एफ्रेन सेनीसेरोस उतरला. आता तो पन्नाशीला आला आहे, तेव्हा मिशी काळी होती.

"बाई, गाडी बाजूला घ्या. कोंबड्यांपायी माझी खेप बुडतेय."

"नाचतायत ते. लग्नाचं बघतायत. तुझा बाप नाचला नसेल का लग्नाआधी?"

"नाचला असेल. पण रस्त्यात नाही नाचला."

"हेही रस्त्यात नाचत नाहीत. रस्ता यांच्या नाचात आला."

तो शिव्या घालत परत गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने मी न सांगता पुढचे दिवे बंद केले. पुढच्या वर्षी इंजिनही बंद करू लागला. त्याच्या पुढच्या वर्षी स्वतःच्या थर्मासमधली कॉफी घेऊन माझ्या गाडीत येऊन बसू लागला आणि माझ्या कॉफीला नावे ठेवू लागला. अर्थात पक्षी यायच्या आधी येऊन बसायचा. तेवढी अक्कल त्याला आली होती.

मागच्या एप्रिलमध्ये मला इस्पितळात ठेवले. ऐन हंगाम होता. मी बेन्यातला बोलावून पिकअपची चावी त्याच्या हातात दिली आणि सांगितले, एवढे एक कर. तो रोज फोनवर म्हणायचा, "हो आई, लावतो ना. तू पडून राहा." मी खूश होते. नर्सबाईंना सांगत होते, माझा मुलगा पक्षी राखतोय.

मी घरी आले त्याच्या दुसऱ्या पहाटे आमचे गुरांचे डॉक्टर ओडेल प्रुइट यांना गळ घातली आणि त्यांच्या गाडीतून मैदानावर गेले. रस्त्यावर माझी पिकअप नव्हती. ती गोठ्यामागे उभी होती, पहिल्या दिवसानंतर हललीच नव्हती. पण रस्त्यावर एक खनिजाचा ट्रक उभा होता, दिवे बंद, इंजिन बंद, आणि त्याच्या मागे सगळी रांग. समोर डांबरावर आमचे नर छाती फुगवून डुबुक-डुबुक आवाज काढत होते.

पक्षी उठल्यावर मी एफ्रेनला विचारले, "कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? तुमची गाडी दिसली नाही. म्हटलं, गेली वाटतं म्हातारी, आता हे काम आपल्याच गळ्यात."

"मेले नाही मी."

"दिसतंय."

तेव्हापासून तोच पहिला ट्रक घेऊन निघतो आणि तोच थांबतो. मी पिकअप कडेला लावते आणि मोजते.

बेन्यातला मी काही बोलले नाही. परवा त्याने फोन करून विचारले की खाणवाले मैदानाला चांगला भाव देतायत, तुझा विचार काय. माझा विचार असा आहे: हे संपूर्ण मैदान, आणि त्यासोबत हिरवी पिकअप, मी एफ्रेन सेनीसेरोस याला देते.

लवर्न म्हणाली, "पास्कालीन, अट घाला. विकता येणार नाही, अशी. नाहीतर उद्या तो विकेल."

मी म्हटले, अट घालायची नाही. अट घातली की माणूस पळवाट शोधत बसतो. एफ्रेनला मी कधी थांब म्हटले नाही, तो थांबला. जमीन त्याची होईल ती पूर्ण त्याची होईल. लवर्नने खांदे उडवले. तिच्या मते मी मूर्ख आहे, आणि ती तसे तोंडावर सांगते म्हणूनच मी तिला वकील केले आहे.

कलम ७. हे कलम मी आज, सही करण्याच्या दिवशी, पिकअपमध्ये मांडीवर फळी घेऊन लिहीत आहे. लवर्न शेजारी बसून "हे मृत्युपत्रात येत नाही" म्हणते आहे. येते.

मी सह्या कचेरीत करायला नकार दिला. सकाळी अंधारात आम्ही चौघे इथे आलो. पुढे मी आणि लवर्न, मागे दोन साक्षीदार म्हणून बोलावलेले, डॉक्टर प्रुइट आणि एफ्रेन. कशाला बोलावले आहे हे एफ्रेनला ठाऊक होते, कागदात काय आहे हे नव्हते. त्याने त्यासाठी सुट्टी काढली होती. पक्षी आले, नाच सुरू झाला, आणि लवर्नने बारीक विजेरीच्या उजेडात कुजबुजत वाचायला घेतले. कलम ६ संपले तशी मागची सीट करकरली.

"काय? मला?"

"हळू बोल," मी म्हटले.

"बाई, नको मला. कंपनी हाकलून देईल."

"मग दार उघड आणि जा."

त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. समोर दहा पावलांवर नर नाचत होते. हात परत आला.

"तुम्ही मुद्दाम इथं आणलंत."

"कचेरीतून तू पळून गेला असतास."

"सांगून ठेवतो, पैसे दाखवले तर मी विकून मोकळा होईन. मला दोन मुलींची लग्नं करायचीत."

"वीक. अट नाही घातलेली. ऐकलंस ना?"

डॉक्टर प्रुइट यांनी खिडकीबाहेर पाहत राहणे पसंत केले. लवर्नने एफ्रेनच्या हातातले पेन काढून घेतले. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार राहू नये, नाहीतर देणगी अडकते, असे ती म्हणाली. तो म्हणाला, "मी घेतलीय कुठं अजून?" मला त्याचा राग आला, आणि खरे सांगते, भीतीही वाटली. एवढ्या खात्रीने लिहिले आणि हा माणूस नाही म्हणतोय.

आणि तेवढ्यात टेकडीवर दिवे दिसले.

एफ्रेनला सुट्टी घ्यायला लावून मी पहिल्या ट्रकवरचा माणूसच काढून घेतला होता. पुढे दुसराच कोणी होता, आणि भरधाव उतरत होता. माझी गाडी कडेला होती. सुरू केली असती तर पक्षी घाबरून नेमके दिव्यांच्या दिशेने उडाले असते. इतकी वर्षे या रस्त्यावर घालवली आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

एफ्रेन माझ्या आणि लवर्नच्या मधून पुढे वाकला आणि त्याने माझ्या गाडीतला बोलायचा रेडिओ उचलला. तो ट्रकवाल्यांच्याच वाहिनीवर लावलेला असतो.

"उतारावरचा ट्रक, थांब. आहेस तिथं थांब, दिवे बंद कर, इंजिन बंद कर."

खरखर झाली. एक तरुण आवाज आला, "कोण बोलतंय? मला उशीर झालाय."

एफ्रेनने समोरच्या नरांकडे पाहिले आणि रेडिओची कळ पुन्हा दाबली. मग म्हणाला, "जागेचा मालक बोलतोय. माझ्या जागेत पक्षी आहेत. थांब म्हटलं ना!"

दिवे विझले. मागचे विझले, त्यांच्या मागचे विझले.

"मी जिवंत आहे रे अजून," मी म्हटले.

त्याने रेडिओ माझ्यापुढे धरला. "मग तुम्ही बोला."

"नको," मी म्हटले. "तुझं चांगलं चाललंय."

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि पक्षी उठून गेल्यावर, सर्वांसमक्ष, मी त्याखाली सही करत आहे.

पास्कालीन इरिबार्ने (सही)

साक्षीदार:

१. <s>एफ्रेन सेनीसेरोस, ट्रकचालक</s>
हे नाव मी स्वतः खोडले आहे. तो आता साक्षीदार राहिला नाही. पा. इ.

२. ओडेल प्रुइट, गुरांचे डॉक्टर (सही)

३. वेस्ली टकेट, ट्रकचालक, पहिल्या नावाच्या जागी (सही)
मला उतारावर थांबवून मग इथे बोलावण्यात आले. बाईंनी माझ्यासमोर सही केली आणि त्या शुद्धीवर होत्या. मला उशीर झालेला आहे. उद्यापासून इथे थांबायचे असते, असे मालकांनी सांगितले.

ठिकाण: मैदानाच्या कडेला, लोन विलो खोरे, नेवाडा
दिनांक: १७ एप्रिल २०१९