पहिला घास उजवीकडे

आई, काल दुपारी जेवताना माझ्या तोंडात उजव्या बाजूला कुणीतरी दुसरंच जेवत होतं. तू अगदी हेच म्हणाली होतीस, आणि तेव्हा मी हसले होते. भूल पुरती उतरली नव्हती, एवढंच. कात्रपच्या दवाखान्यात माझ्या दाढेचं रूट कॅनल चाललंय. डॉक्टर माझ्यापेक्षा बरीच लहान मुलगी आहे. एक्स-रे दाखवत तिने समजावलं, की खराब नस काढली की दाढ दुखायची थांबते, पण काम तिथे संपत नाही. मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून, भरून, बंद कराव्या लागतात. नाहीतर वर सगळं शांत आणि खाली हाडात पू. "लोक इथेच फसतात," ती म्हणाली. "दुखणं थांबलं की येतच नाहीत."

मी खुर्चीत पडल्या पडल्या उल्हासनगरात पोचले. साल नव्वदच्या आसपासचं, मी सातवीत आहे. अंबरनाथहून आपण दोघीच आलोय आणि तू गालाला पदर लावून बसली आहेस. सिंधी डॉक्टर म्हणतोय, "बाई, दाढ काढायची नाय. अंदरची नस काढतो."

"नस काढली म्हणजे मेलीच की ती."

"मेली तरी काम करेल. पेन्शन पण नाय मागणार."

तू हसत नाहीस. "मेलेलं तोंडात ठेवून मी देवाचा नैवेद्य कसा करू?" तो दिवा खाली ओढतो.

त्या दिवसापासून तुझं दुखणं थांबलं. मग तू पहिला घास उजवीकडे, त्या दाढेखाली ठेवायला लागलीस, पितृपक्षात आधी पितरांचं पान वाढतात तसा. "तिचं आधी होऊ दे," म्हणायचीस आणि डोळे मिटून चावायचीस. बाबा म्हणायचे, "अगं, जेवतेयस की श्राद्ध घालतेयस?" पुढे तेही बोलेनासे झाले. चावता चावता तू कान दिल्यासारखी थांबायचीस. एकदा हळूच म्हणालीस, "माझं गिळून होतं गं, तरी तिचं चाललेलंच असतं."

दिवाळीनंतर गाल सुजला. दोन दिवसांत सूज गळ्यात उतरली, तुला श्वास घेता येईना. इस्पितळात तिसऱ्या दिवशी तू गेलीस. शेजारच्या बायका म्हणाल्या, मेलेलं पोसत होती, त्याने तिलाच नेलं. इतकी वर्षं मी ते मानत आले, कारण ते मानणं सोपं होतं.

हे पत्र मी कुठे टाकणार? बाबांनाही कधी सांगितलं नाही. तुझं तोंड बधिर होतं आणि तू पुढे जिन्याकडे गेली होतीस, म्हणून त्या दिवशी उल्हासनगरच्या डॉक्टरने दारात मलाच सांगितलं होतं, पुढच्या शनिवारी घेऊन ये, अजून दोन-तीन वेळा यावं लागेल. जिना उतरताना तू विचारलंस, "परत यायचंय का गं?" शनिवारी शाळेत गॅदरिंगची तालीम होती. मी म्हणाले, "नाही. दुखलं तरच या म्हणाले."