बायॉलॉजीचा तोटा, दोन दशांश स्थळांपर्यंत

१० जानेवारी, शनिवार. सकाळी ७.१०

परवा आमच्या मुलीला, ऋग्वेदाला, युनिव्हर्सिटीची ऑफर आली. बायॉलॉजी. स्वीकारायची मुदत ३१ तारखेपर्यंत. मी रागावलो नाही. फक्त विचारलं, खर्च किती, वर्षं किती, शेवटी पगार किती? तर "बाबा, आय जस्ट लाइक इट" म्हणून टोस्ट उचलला आणि गेली.

म्हणजे आकडे कुणाकडेच नाहीत. मी काढणार. पेनरोज भागातल्या खोक्यांच्या फॅक्टरीत सगळी मशिनं एकही डिग्री नसताना मी चालती ठेवतो. सगळं पुस्तकं वाचून शिकलो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी मी सोडला, नापास झालो नाही. (एक विषय राहिला होता. ती वेगळी गोष्ट.)

संकल्प: आवाज चढवायचा नाही. आकडे बोलतील. मुदतीच्या आत पोरीला इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसशिपला लावायचं. शिकता शिकता पगार.

११ जानेवारी, रविवार

एक्सेल उघडलं. तीन शीट: खर्च, मिळकत, निष्कर्ष. निष्कर्ष आधीच भरून ठेवला. वेळ वाचतो.

हिल्सबरोच्या घरून सिटीपर्यंत बस, दोन्ही वेळा. बंद बूट, वर्षाला एक जोड (लॅबमध्ये जँडल्स, म्हणजे रबरी चपला, चालत नाहीत, चौकशी केली). फ्लॅट व्हाइट, आठवड्याला तीन. अप्रेंटिसशिपचा बुडालेला पगार. बायको मृदुला मागून बघत म्हणाली, कॉफी धरलीस, श्वास राहिला बघ. दुर्लक्ष केलं.

१४ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ६.२०

मिळकतीसाठी ओळखीतले बायॉलॉजीवाले शोधले. एक आमच्या फॅक्टरीत फोर्कलिफ्ट चालवतो, झूऑलॉजी. दुसरा कोपऱ्यावरचा डेअरीवाला (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात), बॉटनी. सरासरी अत्यंत समाधानकारक, म्हणजे कमी.

मृदुलाने विचारलं, "आणि मी कोण?" ती मायक्रोबायॉलॉजीची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिला शांतपणे समजावलं की सरासरीपासून फार लांब पडणारा आकडा शास्त्रात बाजूला ठेवतात. ती म्हणाली, "ठेव बाजूला. सवय आहे मला." आणि वरण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे, असं सांगून ड्यूटीला गेली. शास्त्र शिकून शास्त्रीय दृष्टी येतेच असं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज सादरीकरण. दहा वर्षांत तोटा १,३१,४८२ डॉलर ६५ सेंट. पंच म्हणून लोअर हटहून मेव्हणा इंद्रनील व्हिडिओवर. आयटीत आहे, आकडे कळतात असा समज होता.

ऋग्वेदाने दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, दिस इज द इंटरनॅशनल फी." साइटवर विचारलं होतं, तुम्ही कुठले? मी खरं उत्तर दिलं, इंडिया. इंद्रनील खुर्चीतून पडायचा बाकी होता. "अहो भाऊजी, ती इथे जन्मली! पासपोर्ट इथला, काळा आहे तिचा! तुमचासुद्धा!"

इथे येऊन एकोणीस वर्षं झाली हे मला माहीत आहे. पण फॉर्म समोर आला की हात आपोआप तिकडे जातो. त्यात हसण्यासारखं काय आहे?

आकडा चुकला. तत्त्व नाही.

२४ जानेवारी, शनिवार

इथली फी धरून नवीन तोटा ८,२११ डॉलर. कमी आहे, पण लाल आहे. वजन यावं म्हणून तिच्या खोलीचं भाडं धरलं, बाजारभावाने. मृदुलाने विचारलं, घराचा हप्ता कोणाच्या पगारातून जातो? म्हटलं, कागदावर दोघांची नावं आहेत. मग विचारलं, या देशात कोणाच्या डिग्रीवर आलो? हे अप्रस्तुत. अर्जात ती मुख्य आणि मी सोबतचा, हे खरं. पण फॉर्म सगळे मी भरले. काळी शाई, एकही खाडाखोड नाही.

चहा टाकायला उठलो तेवढ्यात तिने तिचा पगार मिळकतीत घातला. परत आलो तर अख्खं शीट हिरवं. ते मी सेव्ह न करता बंद केलं.

२८ जानेवारी, बुधवार

आकडे पुरे, प्रत्यक्ष दाखवू म्हणून ऋग्वेदाला फॅक्टरीत नेलं. मॅनेजरची परवानगी काढून, सेफ्टी व्हेस्ट घालून. मुख्य पॅनल उघडून दाखवलं. "स्वीट अॅज," म्हणाली, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत झकास. मग गोंदाच्या खोलीतल्या भिंतीवरची बुरशी दिसली. पॅनलपाशी चार मिनिटं, बुरशीपाशी बावीस. मी घड्याळ लावलं होतं. येताना थोडी खरवडून माझ्या डब्याच्या झाकणात घेतली. विचारलं नाही.

तरीही पॅनलबद्दल तिने एक प्रश्न विचारला होता. आशा आहे.

३१ जानेवारी, शनिवार

आज शेवटचा दिवस. सहीसाठी येईल तेव्हा शांतपणे नाही म्हणायचं, असं ठरवून सकाळपासून जेवणाच्या टेबलाशी बसलो. चार वाजता मीच विचारलं, फॉर्म कुठे आहे?

ऑफर तिने आली त्याच दिवशी स्वीकारली होती. आठ तारखेला. अठरा पूर्ण, पालकांची सही लागत नाही. मृदुलाला माहीत होतं. मग तीन आठवडे मला कुणी सांगितलं का नाही? तर मृदुला म्हणाली, "इतका रमला होतास, मोडवेना."

संकल्पाप्रमाणे आवाज चढवला नाही.

मग ऋग्वेदाने सरकारी ईमेल दाखवला. विद्यार्थी भत्ता नामंजूर, आईवडिलांचं उत्पन्न जास्त आहे म्हणून. मी लगेच गणित केलं. एकट्या माझ्या पगारावर मिळाला असता. मृदुलाचा धरला म्हणून गेला. म्हणजे बायॉलॉजीच्या डिग्रीने या घराचं नुकसान झालंच की! हे मी दोघींना मुद्देसूद सांगितलं.

मृदुला इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ऋग्वेदा आधीच बसली होती.

गणित तीनदा तपासलं. बरोबर आहे.