डेल्मरच्या फटक्याचा पुरावा

१२ जानेवारी, रविवार
आज डेल्मर ओलसनने माझा घात केला. म्हाताऱ्यांच्या हॉकीत काठी कमरेच्या वर उचलून फटका मारायचा नाही, हा नियम. याने मारला. रबरी चकती थेट नको तिथे! बर्फावर आडवा झालो, तर म्हणतो कसा, "वॉल्टर, जरा सरक ना. चकती तुझ्याखाली आहे." हे मी विसरणार नाही.

चड्डीत कडक गार्ड घालायचा, हाही नियम. खेळाआधी कप्तान गॉर्डी प्रत्येकाच्या गार्डवर काठी ठोकून बघतो. मी गुडघा वर उचलून त्याचं पॅड पुढे केलं. ठक् वाजलं. वाजल्याशी कारण. गार्ड फार काचतो.

१३ जानेवारी, सकाळ
वांगं झालंय. गोठवलेल्या मटारची पिशवी धरून बसलोय. डॉक्टरकडे जाणार नाही म्हणजे नाही. बायको मर्ना म्हणाली, "फुटलं असेल तर लगेच शिवावं लागतं, नाहीतर काढून टाकतात. मग बस जन्मभर मटार कुरवाळत."

दुपारी २
गेलो. बायकोच्या समाधानासाठी. ऐंशी किलोमीटर, उणे एकतीस. प्रत्येक खड्ड्याला डेल्मरचं नाव घेतलं.

सोनोग्राफी. गार जेल. पडद्यावर लाल-निळं चमकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त नीट वाहतंय, आजोबा. वृषणाचं आवरण शाबूत आहे. आत थोडं रक्त साकळलंय, ऑपरेशन नको." जिवात जीव आला. मग थोडा खट्टू झालो. फुटलं असतं तर डेल्मर खेळातून कायमचा गेला असता.

गार्ड होता का, असं बाईंनी विचारलं. मी हो म्हणायच्या आत मर्ना म्हणाली, "होता की! ट्रकमध्ये." बाईंनी तेही लिहून घेतलं. असल्या फालतू गोष्टी कोण लिहितं?

१५ जानेवारी
रिपोर्ट आला. 'साकळलेलं रक्त' दुसऱ्या पानावर. लाल पेनने दोनदा अधोरेखित. पहिलं पान वाचत बसलो नाही. हॉकी समितीला अर्ज: नियम मोडणाऱ्याला हंगामभर बर्फाबाहेर ठेवा, दयामाया नको. सोबत रिपोर्ट. एक प्रत रिंकच्या फळ्यावर लावली, फोटोसकट. मर्ना म्हणाली, "अरे, कशाचा फोटो आहे तो!" असू दे. गावाला कळू दे.

१८ जानेवारी
डेल्मर कोंबडीचं सूप घेऊन आला. घेतलं. आत बोलावलं नाही. सूप बरं होतं. दोन वाट्या. सूड कायम.

२० जानेवारी
समितीचं उत्तर. अर्ज मंजूर!

डेल्मरची काठी कमरेखालीच होती, अकरा जणांनी पाहिलंय. रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत मात्र 'रुग्णाने गार्ड घातला नव्हता'. म्हणून हंगामभर बाहेर मी. दयामाया नको, हे माझेच शब्द, माझ्याच अक्षरात, खाली जोडलेत.

विरोधात एकच मत पडलं. डेल्मरचं. म्हणाला, "खेळू द्या हो बिचाऱ्याला."

हेही मी विसरणार नाही.