फॅमिलीचं दार

अबहा, शुक्रवार

प्रिय शर्मिला,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू ‘बघू’ म्हणतेस, मी ‘बरं’ म्हणतो, आणि खलास! कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही. ऑफिसातला मनीष सुट्टीवर नाशिकला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तर ऐक. आमच्या बिल्डिंगच्या पायरीपासून एकशे चाळीस पावलांवर एक येमेनी म्हातारा फूल विकतो. फुलं नव्हेत बाई. फूल म्हणजे पावट्यासारख्या दाण्यांची घोटलेली उसळ, वर तेल, जिरं, सोबत गरम रोटी. आठ रियालात दोघांचं पोट भरेल. तीनशे दहा पावलांवर, जुन्या मातीच्या घरांच्या गल्लीत, अरीका मिळतो. गव्हाच्या पोळीचा कुस्करा, त्यावर तूप आणि मध. आपला मलिदाच! पहिल्या घासाला तुझ्या आईंची आठवण झाली, पण त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील. एका हॉटेलावर मात्र फुली मारलीय. तुझ्या शाकाहाराची तालीम म्हणून तिथे ‘लहम नको’ म्हणालो, म्हणजे मांस नको, तर त्याने हसत हसत कोंबडी आणून ठेवली. कोंबडी म्हणजे इथे लहमच नव्हे म्हणे! सहाशे पावलांवर मलबारी हॉटेल आहे, डोसा बरा असतो. पावलं माझी आहेत, तुझी थोडी जास्त भरतील.

रियाधला तू चार वर्षांपूर्वी आलीस आणि बाविसाव्या दिवशी परत गेलीस. गंगापूर रोडला रोज पाच किलोमीटर चालणारी तू, आणि ओलाया भागातल्या आपल्या त्या टॉवरखाली सहापदरी रस्ता. समोरचं हॉटेल डोळ्यांना दिसायचं, पण गाठायचं टॅक्सीने. मी नऊला घरी यायचो, तेही ऑफिसात जेवून. विमानतळावर तू म्हणालीस, तुमच्या गावात मला पायी जाता येईल असं एक ठिकाण नाही हो. मी हसलो. गाढव होतो मी. लोकांना तू आपल्या रेवाच्या बारावीचं कारण सांगितलंस, मीही तेच सांगत राहिलो.

त्या मलबारी हॉटेलाला दोन दारं आहेत. एकट्या पुरुषांनी बायकामुलांपासून वेगळं बसायचं, हा नियम सुटून वर्षं झाली, पण याने जुन्या पाट्या काढलेल्या नाहीत: एकावर सिंगल, दुसऱ्यावर फॅमिली. एकवीस वर्षं मी या देशात सिंगलच्या दाराने जातोय. लग्न झालेला, पोरीचा बाप, आणि सिंगल! गेल्या महिन्यात आपल्या लग्नाच्या वाढदिवशी काय डोक्यात आलं कोण जाणे, फॅमिलीच्या दारातून शिरलो. हाशिर नावाच्या वाढप्याने अडवलं, तर ठोकून दिलं, फॅमिली मागून येतेय. त्याने मला पडद्याच्या खोलीत बसवलं, दोन प्लेटा, दोन ग्लास मांडले. पाऊण तास मी तुझी वाट बघितली, शर्मिला. खरंच बघितली. तू नाशकात आहेस हे माहीत असून पडदा हलला की मान वर व्हायची. शेवटी दोन डोसे मागवले, एक तसाच राहिला. आता हाशिर रोज विचारतो, फॅमिली पोहोचली का? मी म्हणतो, ट्रॅफिक आहे. महिना झाला, ट्रॅफिक काही सुटत नाही.

आता खरं सांगतो. अबहाला मला कंपनीने पाठवलं नाही. मीच मागून घेतलं, मॅनेजरची खुर्ची सोडून. दक्षिणेकडच्या या डोंगरातल्या गावात माणसं संध्याकाळी पायी फिरतात, एवढं कुणीतरी म्हणालं आणि मी अर्ज टाकला. तुला सांगायची भीती वाटली. तू आलीच नाहीस तर निदान कंपनीला शिव्या देता येतील, असा विचार केला, वर्षभर दिल्याही. आता रेवा पुण्यात नोकरीला लागली, म्हणजे ते कारणही उरलं नाही. तुझा व्हिसा निघालाय, कागद याच पाकिटात आहे, मार्चअखेरपर्यंत चालेल. यायचं नसेल तर तसं सरळ लिही, ‘बघू’ मात्र नको. हाशिरला खरं काय ते सांगेन आणि माझ्या दाराने जाईन. येणार असशील तर चालायचे बूट आण. हॉटेलाच्या अलीकडे चढ आहे, तिथे मला दम लागतो. तेवढं थांबावं लागेल तुला.

तुझाच,
हरिहर